डावीकडचं हसू

१

"तुझी सासू बरी नाही गं," असं आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा सूनबाई बाळाची नखं कापत होती. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये, बाळाची मूठ तिच्या मुठीत, आणि सगळा जीव त्या इवल्याशा कात्रीच्या टोकावर.

"आता काय केलं त्यांनी?"

"परवा मी बाळाला बघायला आले होते ना? माझ्या बहिणीच्या आजारपणाचं सांगत होते. सांगता सांगता पुढं बोलवेना. डोळे भरून आले. तर ही बाई माझ्या तोंडाकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, 'विहीणबाई, आज अगदी खुशीत दिसताय!' रडणाऱ्या माणसाला असं म्हणतात?"

"आई, तुझं काहीतरीच. मागच्या वेळी चहा गार दिला म्हणून रुसली होतीस. विहिणीविहिणींचं तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये ओढू नका."

"मानपानाचं नाही बोलत मी. बाई बरी नाही. बाळ तिच्यापाशी ठेवतेस, जरा लक्ष असू दे, एवढंच."

"बरं," म्हणून सूनबाईनं फोन ठेवला आणि पुढच्या नखाला हात घातला. 'बरी नाही' या शब्दांचा एकच अर्थ तिच्या मनात आला. सासूबद्दल तोच पटकन येतो.

घर वर, स्टुडिओ खाली. मधे एक अरुंद जिना. नवरा जहाजावरची यंत्रं सांभाळायचा, त्यामुळे तो घरी आला की पाहुणाच. खालचा फोटो स्टुडिओ सासूबाईंचा, आणि गावभर तो 'ताईंचा स्टुडिओ' म्हणूनच ओळखला जायचा. फोटो काय, कोणीही काढतं. पण एका बैठकीत ढीगभर फोटो काढून त्यातला नेमका एक उचलणं, ज्यात माणूस जसा आहे तसा उतरलाय, ही ताईंची करामत. लोक म्हणायचे, आरशात दिसत नाही तो आपला चेहरा ताई निवडून देतात. सूनबाई बाळंतपणानंतर काउंटर सांभाळायला लागली होती. तिनं कॉलेजात मानसशास्त्र घेतलं होतं, आणि ते सगळं आता बाळ शिंकलं का खोकलं एवढं ओळखण्यात खर्ची पडत होतं.

फोन ठेवून ती बाळाला कडेवर घेऊन खाली आली, तर काउंटरपाशी घड्याळजींची लेक उभी. घड्याळजी म्हणजे चौकातले घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. डोळ्याला भिंग लावून दिवसभर खोखो हसणारे. नुकतेच गेले होते. जाण्याच्या थोडं आधी ताईंकडे फोटो काढून घेतला होता, आणि लेकीनं तो मोठा करून चौकटीत घालून नेला होता.

लेकीनं ती चौकट काउंटरवर पालथी ठेवली.

"हे आमचे बाबा नाहीत."

सूनबाईनं चौकट उलटली. चेहरा घड्याळजींचाच. पण तोंड असं, की घड्याळ बंद पडल्याची तक्रार ऐकतायत. कडवट आणि ताठ.

"मी शेजारी उभी होते फोटोच्या वेळी," लेक म्हणाली. "बाबा नुसते खिदळत होते. ताईंनी किती तरी फोटो काढले. त्यातला हा द्यायचा? भिंतीवर लावला होता, तर आई त्या भिंतीकडे पाठ करून बसायची."

"थांबा, दुसरा काढून देते. बाकीचे सगळे असतील."

तिनं संगणकावर घड्याळजींचं नाव शोधलं, कप्पा उघडला. आत एकच फोटो होता. तोच.

बाकीचे सगळे कोणीतरी पुसून टाकले होते.

२

"तुम्ही आमच्या बाबांचं हसू चोरलंत," एवढं बोलून लेक गेली. चौकट तिथेच सोडून गेली. चोरी म्हणजे पैसा, दागिना, फार तर छत्री. हसू चोरीला गेल्याची तक्रार सूनबाई पहिल्यांदाच ऐकत होती, आणि तिला हसू मात्र आलं नाही.

कारण हे पहिलंच नव्हतं. जुळ्या बहिणींचा एक फोटो परत आला होता. 'आम्ही भांडून आल्यासारख्या दिसतोय.' एका शिक्षिकेचा आला होता. एका नव्या जोडप्याचा आला होता, त्यात नवरी अशी बघत होती की लग्न लागायच्या आधीच पश्चात्ताप झालाय. प्रत्येक वेळी सूनबाईनं 'गिऱ्हाईकं हल्ली नाजूक झालीत' म्हणून ते ड्रॉवरात सारले होते. आता ते एकामागोमाग तिच्या डोळ्यांपुढून गेले.

ताईंची निवड चुकणार नाही, हे तिनं धरूनच चाललं. दिवस चुकेल, ताई चुकणार नाहीत. मग ताईंनी निवडलेला फोटो मागाहून कोणीतरी बदलत असणार. बदलून, पुरावा राहू नये म्हणून बाकीचे पुसत असणार. स्टुडिओच्या संगणकापर्यंत पोचणारी माणसं मोजकी: सासूबाई स्वतः, फोटोंवरून शेवटचा हात फिरवणारा, सगळे ज्याला 'ब्रश' म्हणायचे तो कारागीर, आणि नणंद. नणंदेकडे जुनी किल्ली होती.

सासूबाई आतल्या खोलीत भिंगं पुसत होत्या.

"अहो आई, घड्याळजींचा फोटो तुम्हीच निवडला होता ना?"

"निवडते मीच." आवाज सपाट, सारवलेल्या जमिनीसारखा.

"मग बाकीचे—"

"ते काम माझं आहे. तू बाळाकडे बघ." त्यांनी भिंग दिव्यापुढे धरलं. डाव्या कोपराला हिरवट निळा डाग दिसला.

"हे काय लागलं?"

"दार. त्या दाराला शिस्त नाही."

एरवी त्या असं काही बोलल्या की त्यात खाऱ्या शेंगदाण्यासारखी एक चव असायची. आज नव्हती. रागावल्यात, असं सूनबाईनं मनाशी लिहून टाकलं. कडेवरचं बाळ त्याच वेळी ओठ काढत होतं. रडण्याआधीचा तो मुका क्षण, खालचा ओठ पुढे, हनुवटीला खळी. सासूबाईंनी त्याच्या तोंडाकडे सरळ बघितलं आणि म्हणाल्या, "शहाणं आहे हो." मग बाळानं टाहो फोडला आणि त्या दचकल्या.

नातवंडाचं तोंड बघूनही या बाईला पाझर फुटत नाही. फोनवर आई खोटं नव्हती बोलत. बाई बरी नाही.

नणंद मागच्या गल्लीत कपडे शिवायची. तिला स्टुडिओची रस्त्याकडची खोली दुकानासाठी हवी होती, आणि ते तिनं कधी लपवलंही नव्हतं.

"वन्सं, एवढ्यात स्टुडिओत गेला होतात?"

"मी?" नणंदेनं दातातली टाचणी काढली. "आईच्या त्या खोलीत मी पाऊल टाकत नाही. आमचं बोलणं बंद आहे."

"खोलीवरून?"

"खोली गेली खड्ड्यात. खोलीसाठी कोणी आईशी बोलणं टाकतं का?"

"मग कशावरून?"

नणंदेनं यंत्राचं चाक फिरवलं. सुई धडधडत कापडावरून गेली. "तिलाच विचारा, वहिनी. मी तिच्यासमोर बसून काय करत होते, ते तिला आठवतं का, एवढंच विचारा."

३

दुपारी बाळ झोपेना, म्हणून सूनबाईनं त्याला पलंगावर मांडीत घेतलं आणि परत आलेले फोटो समोर पसरले. घड्याळजी, जुळ्या, शिक्षिका, नवरी. सगळी मंडळी तिच्याकडे आंबट तोंडानं बघत होती.

ती बघत राहिली. बघणं हेच तिचं आताचं काम होतं. बाळाचा श्वास बघ, बाळाची शी बघ, बाळाच्या कपाळावरची लाली बघ. एवढं बघणाऱ्या बाईला यात काहीतरी दिसायलाच हवं होतं.

बाळानं तोंडात घातलेला हात काढला आणि घड्याळजींच्या तोंडावर फाडकन मारला. लाळेनं माखलेला तो पंजा चेहऱ्याच्या डाव्या अर्ध्यावर बसला. घड्याळजींचा डावा नव्हे, बघणाऱ्याच्या डाव्या हाताकडचा.

आणि उरलेल्या अर्ध्यातून घड्याळजी हसले.

ओठाचं टोक वर गेलेलं. गालाचा गोळा झालेला. डोळ्याच्या कडेला सुरकुत्यांचा पंखा. सूनबाईनं बाळाचा हात उचलला. घड्याळजी पुन्हा कडवट. हात ठेवला. पुन्हा हसरे.

तिनं बाळाचं दुपटं उचललं आणि एकेका फोटोचा डावीकडचा अर्धा झाकत गेली. जुळ्या हसल्या. शिक्षिका हसली. नवरी तर लाजली. प्रत्येक फोटोत हसू होतं, पण ते एकाच बाजूला उगवलं होतं, बघणाऱ्याच्या उजव्या हाताकडे. दुसरी बाजू अजून कोरीच.

अंगावर काटा आला तिच्या. कारण हे तिला ठाऊक होतं. कॉलेजात तिनं हाच प्रयोग केला होता. एकाच माणसाचा अर्धा हसरा, अर्धा कोरा चेहरा जोडून दोन फोटो करायचे. एकात हसू बघणाऱ्याच्या डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. मग विचारायचं, दोघांतला जास्त खूश कोण? हसू दोन्हीकडे तेवढंच असतं. तरी बहुतेक लोक डावीकडे हसू असलेल्यावरच बोट ठेवतात. आपल्या डाव्या हाताला जे दिसतं ते मेंदूच्या उजव्या अर्ध्याकडे आधी पोचतं, आणि चेहऱ्यावरची भावना वाचण्यात तो उजवा अर्धा जास्त तरबेज. त्यामुळे समोरचं माणूस हसतंय की नाही, हे आपण बरंचसं त्याच्या डावीकडच्या अर्ध्यावरून ठरवतो. आपल्याला पत्ताही नसतो.

म्हणजे हे फोटो आंधळेपणानं उचललेले नव्हते. ज्यानं उचलले त्याला त्यात हसू दिसलं होतं. आरशात धरल्यासारखे उलटे केले, तर ते प्रत्येकालाच हसरे दिसले असते.

उलटे केले तर.

सूनबाई बाळाला घेऊन ताडकन उठली. स्टुडिओत एक माणूस होता, जो फोटो कायम उलटा करून बघायचा.

४

ब्रशचं खरं नाव बिलाच्या पुस्तकापुरतं. मुरूम पुसणं, केस सावरणं, डोळ्याखालचं काळं हलकं करणं, ही त्याची कामं. एकच चेहरा बघून बघून नजर मरते, म्हणून तो पडद्यावर फोटो डावा-उजवा पलटून काम करायचा. म्हणायचा, "उलटा केला की चेहरा परका होतो, मग खोट दिसते."

सूनबाई खाली आली तेव्हाही त्याच्या पडद्यावर एक उलटं लग्न चालू होतं. सासूबाई खिडकीपाशी तिपाई पुसत होत्या. दोन गिऱ्हाईकं बाकावर. सूनबाईनं त्यांच्यादेखतच सुरुवात केली, आणि ते तिला नंतर सगळ्यात जास्त लागलं.

"ब्रश, आईंनी निवडलेले फोटो तू बदलतोस."

तो वळला. "काय म्हणालात?"

"तू उलटे करून बघतोस, त्यातला तुला हसरा वाटेल तो ठेवतोस, सुलटा छापतोस. म्हणून हसू चुकीच्या बाजूला जातं. हे बघ." आणि तिनं काउंटरवर फोटो मांडले. दुपट्यानं अर्धे झाकले, उघडले. उजवा मेंदू, डावी बाजू, सगळं सांगितलं. कॉलेजात प्रबंध वाचतानाही ती इतकी ओघवती बोलली नव्हती. बाकावरच्या बाईंनी तर "अगं बाई, खरंच की" म्हणून मान डोलावली.

"वहिनी," ब्रश सावकाश म्हणाला, "माझ्याकडे एकच फोटो येतो. एकातून निवडायचं काय?"

"पुसणाऱ्याकडे एकच उरतो."

बाकावरच्या बाई हसल्या. वाक्य खरंच छान जमलं होतं.

ब्रशनं ताईंकडे बघितलं. ताई तिपाई पुसत होत्या. त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा फडकं फिरवलं.

"एवढी वर्षं झाली, ताई. तुम्ही काहीच नाही बोलणार?"

"मी काय बोलू?" सपाट आवाजात ताई म्हणाल्या.

तो उठला. चष्मा पुसायला काढला होता, तो न पुसताच खिशात घातला. ओठ आवळलेले, खालची पापणी ओली, मानेची शीर तटतटलेली. सूनबाईला ते दिसलं आणि तिनं ते 'पकडला गेला' या खात्यात टाकलं. जाताना दार आपटायचंही भान त्याला राहिलं नाही.

सासूबाईंनी फडकं पिळलं.

"चला," त्या म्हणाल्या, "खूश होऊन गेला बिचारा."

५

टोमणा असेल, असं सूनबाईनं धरलं. सासूबाईंचे टोमणे सात गावांत मशहूर. पण संध्याकाळी बाळाला पाजताना ते वाक्य दातात अडकल्यासारखं टोचायला लागलं.

टोमण्याला सूर लागतो. 'खूश होऊन गेला बिचारा' हे टोमण्यात म्हणायचं तर 'खूश' लांबतं, 'बिचारा' वर चढतो. सासूबाईंनी तर ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं होतं. गेले कित्येक दिवस त्यांच्या बोलण्यातून सूरच गेला होता. सूनबाई त्याला राग समजत होती.

सूर नाही, म्हणजे टोमणा नाही. टोमणा नाही, म्हणजे त्यांना ते खरंच तसं वाटलं.

रडवेला माणूस त्यांना खूश वाटला.

'विहीणबाई, आज अगदी खुशीत दिसताय.'

सूनबाईनं बाळाला खांद्यावर टाकलं आणि मागची गल्ली गाठली. नणंद दुकानाची फळी लावत होती.

"वन्सं, तुम्ही आईंसमोर बसून काय करत होतात?"

नणंदेनं लावत असलेली फळी खाली घेतली. मग फळी हातातच धरून म्हणाली, "रडत होते. दुसरं काय करणार? नवरा घर सोडून गेला ते सांगायला गेले होते. आवाजच फुटेना. नुसती समोर बसून टिपं गाळली. आई माझ्याकडे बघत होती, वहिनी, सरळ तोंडाकडे. आणि म्हणाली, 'चहा ठेवू का? आज छान दिसतेस.' मी उठून आले. जन्म दिलेल्या बाईनं माझं तोंड बघून न बघितल्यासारखं केलं."

"न बघितल्यासारखं नाही केलं," सूनबाई म्हणाली. "वन्सं, त्यांना दिसलंच नाही."

आता एकेक मणी आपोआप दोऱ्यात गेला. हसू उजवीकडे असलेले फोटो. बाळाचा मुका ओठ. डाव्या कोपरावरचा डाग, कारण दाराची डावी चौकट नजरेतून निसटते. सपाट झालेला आवाज. फोटो उलटा न करताही ज्याला उजवीकडचंच हसू दिसेल, असा एकच माणूस असू शकत होता. ज्याच्या मेंदूचा उजवा अर्धा चेहरे वाचेनासा झालाय.

तिनं कोडं बरोबर सोडवलं होतं आणि उत्तर चुकीच्या माणसाच्या अंगावर फेकलं होतं. तेही चारचौघांत.

"मग बाकीचे फोटो कोणी पुसले?" नणंदेनं विचारलं.

६

ते सासूबाईंनीच सांगितलं. पण आधी प्रयोग झाला.

सूनबाईनं स्वतःचेच दोन फोटो मधोमध कापून जोडले, हसू एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. नणंदेला विचारलं, जास्त खूश कोण? तिनं क्षणात डावीकडच्या हसऱ्यावर बोट ठेवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्यापुढे दोन्ही ठेवले, एक वर, एक खाली.

"अहो आई, यातली कोणती मी जास्त खूश आहे?"

सासूबाईंचं बोट उजवीकडच्या हसऱ्यावर गेलं. मग थबकलं. दुसऱ्यावर गेलं. पुन्हा परत आलं. ज्या बोटानं गावाचे चेहरे निवडले, ते बोट टेबलावर लहान पोरासारखं चाचपडत होतं.

"फसवू नकोस मला," त्या म्हणाल्या.

"नाही फसवत."

"मला ठाऊक आहे चुकतंय ते." त्यांनी हात मांडीवर घेतला. "एकदा बाजारात चक्कर आली. ऊन लागलं म्हणून घरी येऊन पडले. उठले, तर सगळ्यांचे चेहरे गप्प. नाक, डोळे, तीळ, सगळं दिसतं. कोण आहे ते कळतं. पण काय म्हणतायत ते कळत नाही. दुकानाची पाटी वाचता येते आणि आत काय मिळतं ते कळत नाही, तसं."

"मग सांगितलं का नाहीस गं?" नणंद फुटली.

"कोणाला सांगू? चेहऱ्यावर पोट भरणाऱ्या बाईनं सांगायचं, की मला चेहरे कळत नाहीत?" आवाज तसाच सपाट, पण बोटं पदराचं टोक पिळत होती. "घड्याळजींचे फोटो घेऊन मी बसले, बसले. एकात जरा काहीतरी हलल्यासारखं वाटलं, तो ठेवला. बाकीचे राहिले असते, तर आपला ब्रश म्हणाला असता, ताई, हा का नाही घेतला? म्हणून पुसले. दरवेळी पुसले."

"आणि आज?" सूनबाईनं विचारलं. "तो गेला तेव्हा?"

"शब्द ऐकले मी. कानांना काही झालेलं नाही. वाटलं, तो तर हसतोय, म्हणजे त्याला एवढं लागलेलं नसेल." त्या थांबल्या. "नाही. खोटं कशाला बोलू? तो हसतोय की रडतोय हे मला नक्की माहीत नव्हतं. सोयीचं तेवढं धरलं."

टेबलाभोवती तिघी बसल्या होत्या, आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं धाडस एकीलाही होईना.

७

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी काळ्या-पांढऱ्या चित्रात बोट ठेवून दाखवलं. उजव्या बाजूला एक छोटी जागा, तिचा रक्तपुरवठा मागेच तुटलेला. आणि शेजारची एक नळी चिंचोळी होत आलेली.

"ही बंद झाली असती तर आपण चेहऱ्यांबद्दल बोलत नसतो," त्या म्हणाल्या. "यांना बरं नाही हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?"

'बरं नाही.' सूनबाईची कानशिलं तापली. "माझ्या आईच्या."

"कधी?"

तिनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं आणि वर बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नळीचं काम वेळेत झालं. गेलेली जागा मात्र परत येणार नव्हती. सवयीनं थोडंफार जमेल, म्हणाल्या.

सूनबाईनं आईला फोन केला. "आई, तू 'बरी नाही' म्हणालीस तेव्हा तुला आजारी म्हणायचं होतं ना?"

"तसं म्हटलं तर शोभून दिसेल गं. पण खरं सांगू? स्वभावच म्हणायचा होता मला." आणि मग, "विचार त्यांना, मी भेटायला आले तर चालेल का."

घड्याळजींच्या लेकीला तिनं उलटा करून छापलेला फोटो नेऊन दिला, आणि अर्धा चेहरा झाकायची युक्तीही सांगितली. त्यात आजोबा छान हसत होते. लेक बघत राहिली, आणि तिलाच हसू फुटलं. "अहो, बाबांचा तीळ पलीकडच्या गालावर गेला की! नको, हे कोणीतरी दुसरेच. आमचे कडवटच द्या परत. आईला सांगते, डावीकडच्या अर्ध्यापुढे हात धरून बघ."

राहता राहिला ब्रश. सूनबाई बाळाला घेऊन त्याच्या घरी गेली. तो ओसरीत पायरीवर बसून कोणाच्या तरी दुकानाची पाटी रंगवत होता. तिनं सगळं सांगितलं, हात जोडले. तो कुंचला डब्यात बुडवत राहिला.

"चोर म्हणाला असतात ना वहिनी, तर भांडलो असतो मी. तुम्ही शास्त्र सांगितलंत. शास्त्राशी भांडू कसा? घरी येऊन मी आईला म्हटलं, बघ गं, माझा मेंदू उलटा आहे का." मग पाटीवरचं एक अक्षर गिरवून म्हणाला, "ताई कशा आहेत?"

"चेहरे अजून कळत नाहीत. आता आम्ही तोंडानंच सांगतो. रडत असलो तर म्हणतो, आई, मी रडतेय."

"बघू," तो म्हणाला. 'येतो' म्हणाला नाही.

पुढे एका दुपारी तो आला. स्टुडिओत सासूबाई एकट्याच खुर्चीत बसल्या होत्या, सूनबाई काउंटरला, बाळ तिच्या पायाशी. तो ताईंसमोर जाऊन उभा राहिला. ताई त्याच्या चेहऱ्यावर काही सापडतं का ते शोधत होत्या, आणि सापडत नव्हतं.

"ताई," तो मोठ्यानं म्हणाला, "मी रागावलोय तुमच्यावर. खूप."

"बरं झालं सांगितलंस," ताई म्हणाल्या. मग चाचपडत त्याचा हात धरला. "मला लाज वाटतेय. दिसतेय का तुला?"

"दिसतेय," ब्रश म्हणाला. त्यानं सूनबाईकडे बघितलं नाही. आपल्या जागेवर जाऊन बसला आणि पडद्यावरचा फोटो उलटा केला.

सूनबाईचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्याही घरात कोणीतरी असेल, ज्याच्याबद्दल तुम्ही 'बरी नाही' किंवा 'बरा नाही' असं केव्हाच ठरवून टाकलंय. तुमचं उतरलेलं तोंड बघूनही ज्यानं काही विचारलं नाही. हे वाचून झालं की त्याच्यासमोर जाऊन बसा. हसा, आणि विचारा, माझ्या तोंडावर काय दिसतंय? उत्तर यायला वेळ लागला, तर रागावू नका. डॉक्टरांना फोन करा.